डोंगरामागची खाडी

अगाथे जन्मात कधी हेलिकॉप्टरमध्ये बसली नव्हती, आणि त्याचं कारण भीती नव्हतं. कारण होतं बेआतेचा वजनकाटा.

आमच्या इकेराकमध्ये, उत्तरेच्या बर्फातल्या या छोट्या वस्तीत, हेलिकॉप्टरचं सगळं काम बेआते बघते. सामान चढवणं, उतरायच्या जागेवरचा बर्फ लोटणं, लोकांना रांगेत उभं करणं, सगळं तिच्याच गळ्यात. उडण्याआधी ती प्रत्येकाला काट्यावर उभं करते आणि आकडा मोठ्याने वाचते. का मोठ्याने, तर म्हणे लिहून घेणाऱ्याला ऐकू जायला हवं. आता लिहून घेणारीही तीच, पण हे तिला सांगणार कोण? संध्याकाळपर्यंत तो आकडा वस्तीतल्या घराघरात कॉफीबरोबर पोचलेला असतो.

"माझं वजन माझ्यापाशी," अगाथे म्हणायची. "मला नाही ते हवेत सोडायचं."

बोटीचीही तऱ्हा तीच. लग्न होऊन ती दक्षिणेकडून जहाजाने आली ती सगळा रस्ता बादलीत तोंड घालून. किनाऱ्याला पाय लागल्यावर म्हणाली, आता मला इथून कुणी हलवायचं नाही. आणि खरंच, नाही हलली बाई. नवऱ्याने हौसेने कुत्र्यांच्या गाडीवर बसवून पाहिलं, पण धावता धावता कुत्री जे मागे सोडतात त्याचा वास तिच्या नाकात बसला, आणि पहिल्या वळणावरच ती उतरून पायी घरी आली. बोरं खुडायला दक्षिणेच्या उतारापर्यंत, आणि रविवारी चर्चपर्यंत. एवढंच तिचं जग. बाकीचा किनारा तिने पाहिला तो नवऱ्याच्या तोंडून.

आणि त्या माणसाला तोंड होतं! तो सील मारायचा, बर्फाला भोकं पाडून लांब दोरीने खोल पाण्यातले मासे काढायचा. पण शिकार ही त्याची जोडधंद्याची गोष्ट, मुख्य धंदा सांगण्याचा. हिवाळा सरत आला, समुद्र घट्ट गोठला आणि उजेड परत आला की तो आणि त्याचा दोस्त गाब्रिएल वाकड्या खाडीवर जायचे. जायला एक दिवस, मासे काढायला एक दिवस, यायला एक दिवस. परत आला की अगाथे त्याचे बूट ओढून काढायची, वाळत टाकायची, सीलचं सूप पुढे ठेवायची आणि कोपरं टेबलावर टेकून समोर बसायची. मग सुरू. ते भूशिर, जिथे वारा कुत्र्यांना उलटं करतो. ती बर्फाची भिंत, जी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते. ती भेग, जी काल नव्हती आणि आज तिच्यात गाडीच्या गाडी गडप झाली असती. आणि अस्वलांचे ठसे तर विचारूच नका. अगाथे तोंडावर हात ठेवून ऐकायची. दुसऱ्या दिवशी कॉफीला बायका जमल्या की तीच गोष्ट स्वतःचं तिखटमीठ लावून सांगायची. बायका आपापल्या कपात बघत बसायच्या. अगाथेला वाटायचं, भीतीने बोलती बंद झालीय बिचाऱ्यांची.

गेल्या शरदात तो गेला. दुपारी कुत्र्यांना खायला घालून आला, बाकावर बसला, आणि तसाच राहिला.

त्याचं नाव मी अजून सांगितलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव कुणी उच्चारत नाही, ते एखाद्या नव्या बाळाला मिळेपर्यंत. बाळाला नाव मिळालं की तो माणूसच घरी परतला असं समजायचं. मग बाळाची आई त्याला आजोबा म्हणाली तरी कुणी हसत नाही, उलट कुणी 'बाळ' म्हणालं तर म्हातारी माणसं डोळे वटारतात. तोवर मात्र ओठ शिवलेले. तरुण पोरं आता एवढं पाळत नाहीत, पण अगाथे पाळत होती आणि तिला ते जड जात होतं. नवरा गेल्याचं दुःख एक. पण आयुष्यभर दिवसातून पन्नास वेळा ज्याला हाक मारली, त्याला मनातल्या मनातही धड हाक मारता येत नाही, हे वेगळंच. चुलीपाशी उभी असताना तिचं तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं. सात महिने हे चाललं होतं.

आणि मे महिन्यात निविआकचा फोन आला. निविआक म्हणजे नात, पण वाढवलेली या दोघांनीच. आता ती उपेर्नाविकला, मोठ्या गावात राहते.

"आजी, मुलगा झाला. नाव तू येऊन द्यायचंस. तू आल्याशिवाय मी कुणाला देऊ देणार नाही."

कुठलं नाव ते विचारायची गरजच नव्हती. अगाथेने फोन ठेवला, डोळे पुसले, आणि सरळ जाऊन बेआतेच्या काट्यावर उभी राहिली. हातात पिशव्या दोन. सुके मासे, देवमाशाची खायची कातडी, मनुक्यांचा केक, आणि बाळाचे मोजे, जे बाळ शाळेत जाईपर्यंत त्याला मोठेच होणार होते.

"वाच," अगाथे म्हणाली. "वाच मोठ्याने. होऊन जाऊ दे."

बेआतेने आकडा पाहिला, अगाथेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुटपुटून लिहून घेतला.

"अगाथेमावशी, तुम्ही आतल्या बाजूला बसा हं. खिडकीपाशी गार लागतं."

"हो वहिनी, आतच बरं," मागून गाब्रिएल म्हणाला. त्याचा दात सुजला होता, तो काढायला तोही त्याच फेरीने निघाला होता. एक गाल भाकरीसारखा फुगलेला. "वरून बघितलं की गरगरतं. मीच बसतो खिडकीला, मला सवय आहे."

दोन माणसं एकाच वेळी आपली काळजी करायला लागली की अगाथेच्या नाकाला वास येतो. ती चढली आणि सरळ खिडकीला बसली. बेआतेने गाब्रिएलकडे पाहिलं. गाब्रिएलने आकाशाकडे पाहिलं. मग वैमानिकाने सगळ्यांच्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले आणि लाल हेलिकॉप्टर धडधडत उठलं.

पहिला एक क्षण अगाथेने डोळे मिटून गाब्रिएलचा दंड असा धरला की तो दाताचं दुखणं विसरला. मग तिने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"अगंबाई! माझी कपडे वाळत घालायची दोरी!"

वस्ती खाली सरकत होती. रंगीत घरं, मासे वाळवायचे मांडव, बर्फावर बांधलेली कुत्री, चर्चचं छप्पर. बेआते हात हलवत होती, खरं तर दोन्ही हात हलवत होती, जशी काही थांबा म्हणतेय. आणि मग डोंगराच्या कडेवरून समुद्र उघडला. पांढरा, सपाट, क्षितिजापर्यंत घट्ट गोठलेला. त्यात ठिकठिकाणी हिमनग अडकून बसलेले, निळसर, आणि त्यांच्या लांबलचक सावल्या एकाच बाजूला पडलेल्या. मधूनच एखादी काळी भेग, उघड्या पाण्याची. आणि त्या सगळ्यावर गाड्यांच्या वाटा, एखाद्याने नखाने ओढाव्यात तशा बारीक.

अगाथेचं भान हरपलं. एवढं देखणं असतं हे? आणि हे मेलं माझ्या घराच्या दारात होतं?

"ते भूशिर कुठाय?" तिने विचारलं. "वारा कुत्र्यांना उलटं करतो ते."

गाब्रिएलने बोट दाखवलं नाही. पण वैमानिकाला 'भूशिर' एवढा एक शब्द कळला, आणि त्या भल्या डॅनिश माणसाने हसून खाली खूण केली. एक काळा खडक होता. बरा मोठा होता, नाही असं नाही. पण चर्चच्या मागे दोन ठेवले असते तर मावले असते.

अगाथे त्या खडकाकडे बघत राहिली. गाडीची वाट वस्तीतून निघत होती, त्या खडकाला वळसा घालत होती, आणि पुढे उत्तरेला जायचं सोडून आत वळत होती. आत, म्हणजे खाडीत. खाडी वाकडी होती यात खोटं काही नव्हतं. ती वाकत वाकत, वाकत वाकत उलटी फिरली होती आणि तिचं शेवटचं टोक थेट आमच्याच डोंगराच्या पाठीशी येऊन टेकलं होतं. तिथे बर्फावर एक झोपडी होती. हिरवी. पण साधी हिरवी नाही. अगाथेने स्वतः दोन डबे एकात ओतून केलेली, कुठल्याच दुकानात न मिळणारी हिरवी. तिच्या घराचा रंग. तो उरलेला रंग वाऱ्याने सांडला असं तिला सांगण्यात आलं होतं.

"गाब्रिएल."

गाब्रिएलने गालावर हात ठेवला.

"गाब्रिएल, ती झोपडी कुणाची?"

"कुठली?"

"माझ्या घराच्या रंगाची."

"दात फार ठणकतोय, वहिनी."

"डोळे तर ठणकत नाहीत ना? घरातून तिथे जायला किती वेळ लागतो?"

"ते हवेवर असतं."

"हवा चांगली धर."

"कुत्र्यांवर पण असतं."

"कुत्री चांगली धर."

गाब्रिएलने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पळून जायला जागा नव्हती, दार बंद होतं आणि खाली समुद्र होता.

"जेवायला परत येता येतं," तो म्हणाला.

"कुठल्या जेवणाला?"

"दुपारच्या."

कानांवरच्या हेडफोनमधून हे सगळं वैमानिकही ऐकत होता. त्याला आमच्या भाषेतलं बाकी काही कळत नव्हतं, पण मोठ्या आवाजात बायको नवऱ्याच्या दोस्ताला काही विचारतेय हे कुठल्याही भाषेत कळतं. तो मान ताठ करून समोर बघू लागला.

"वस्तीत कुणाकुणाला माहीत आहे?"

गाब्रिएलने सुजलेला गाल चोळला.

"बेआतेला?"

मग चांगलाही चोळला.

"सगळ्यांना?"

"नव्या पाद्रीबाईंना नसावं," गाब्रिएल म्हणाला. "त्या मागच्याच महिन्यात आल्यात."

पुढचा सगळा रस्ता अगाथेने खिडकीला नाक लावून काढला. खाली किनारा आपलं सगळं वैभव मांडून बसला होता. जमिनीवरचा तो जुना, न संपणारा बर्फ डोंगरांच्या खांद्यांवरून समुद्रात उतरत होता. जिथे उतरायचा तिथे तुटून त्याचे उभे कडे झाले होते, भेगाळलेले, निळे. मधे काळी बेटं, बेटांवर पक्ष्यांनी पांढरे केलेले सुळके. ऊन असं पडलं होतं की बघवत नव्हतं. अगाथे बघत होती ती दातओठ खाऊन. एवढा मोठा किनारा देवाने घालून ठेवला होता, आणि या माणसाला जायला जागा सापडली ती घराच्या मागची!

हसण्यावारी नेता आलं असतं, तिने आधी तसा प्रयत्नही केला. पण मग तिला त्या कपात बघणाऱ्या बायका आठवल्या. चाळीस वर्षं ती त्यांना अस्वलं दाखवत होती, आणि चाळीस वर्षं त्या हसू दाबत होत्या. तिचे कान तापले. आणि त्याहून वाईट ते पुढे आलं: जेवायला घरी येता येत होतं तर तो आला का नाही? माझ्या तोंडाच्या पट्ट्याला कंटाळला असणार. तीन तीन दिवस डोंगराआड दडून बसायचा, शांतता मिळावी म्हणून. आणि मी मूर्ख, खिडकीतून बाहेर बघत त्याची वाट बघायची. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि रागावून बोलायचं तर समोर माणूस नाही, त्याचं नावही घ्यायची सोय नाही.

उपेर्नाविकला निविआकच्या घरी कॉफी तयार होती, केक मांडलेले होते, दारात बुटांची रास होती. दोन्हीकडची माणसं नाव ऐकायला जमली होती. चर्चमधला बाप्तिस्मा रविवारी, पण घरातल्या मोठ्या माणसाने बाळाच्या कानाशी नाव घेतलं की आमच्या दृष्टीने काम झालं. बाळ लालबुंद होऊन रडत होतं.

"जन्मल्यापासून असंच करतोय," निविआक म्हणाली. "सगळे म्हणतात, नावासाठी रडतोय. घे आजी."

अगाथे कोट न काढता बसली.

"मी नाही देणार."

"काय नाही देणार?"

"नाव. एक थापाड्या एका घराला पुष्कळ झाला. दुसऱ्या कुणाचं तरी द्या. बेआतेच्या बापाचं द्या. तो बिचारा सरळ माणूस, कुठे जायचाच नाही."

खोलीत कुणी हसलं, आणि मग कळलं की म्हातारी थट्टा करत नाहीये. निविआकचा चेहरा उतरला. सात महिने पोटातल्या बाळाशी ती आजोबा म्हणून बोलत आली होती. आता हे नाव मिळालं नाही तर ते कुणा दुसऱ्याच्या घरी जाईल, लांबच्या वस्तीत कुणी तरी मागून नेईल, आणि आजोबा परक्यांच्या घरात वाढतील.

"आजी, झोपडीवरून रागावलीस?"

"तुला कुणी सांगितलं झोपडीचं?"

निविआकने जीभ चावली. "लहानपणी गेले होते मी. त्यांच्याबरोबर. एकदा. म्हणजे... काही वेळा."

"तू सुद्धा!" अगाथे म्हणाली. "दाणापाणी घातलं मी, आणि गुपित पोटात ठेवलंस त्याचं!"

निविआक रडायला लागली, बाळ तर रडतच होतं. तेवढ्यात दारात गाब्रिएल उभा. दाताच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं. तोवर कॉफीचा वास त्याला दातासकट इथे घेऊन आला होता. आत काय चाललंय ते बघून तो आल्या पावली वळत होता, पण अगाथेने त्याला पकडलं.

"ये, ये. बस. सांग सगळ्यांना, माझ्यापासून लपून बसायला किती गार पडायचं ते."

गाब्रिएलने बूट काढले. कप घेतला, चांगल्या गालाकडून एक घोट घेतला.

"लपून नाही, वहिनी."

"मग काय, तप करायला?"

"पहिल्या हिवाळ्यात आम्ही त्याच दिवशी परत यायचो. तुला आठवतं का?"

"नाही."

"नाहीच आठवायचं. दुपारी हा दारात आला की तू म्हणायचीस, आलास? पाण्याचा बर्फ आण. कुत्री बांध नीट. आणि मग तू तुझ्या शिवणात. मग एकदा वादळ आलं, आणि आम्ही तिथेच अडकलो, तीन दिवस. परत आलो तर तू त्याचे बूट स्वतः ओढून काढलेस. समोर बसलीस आणि म्हणालीस, सांग, काय काय पाहिलंस? पहाटेपर्यंत ऐकत होतीस म्हणे. पुढच्या खेपेला दुपारी मी कुत्री जुंपली तर हा म्हणतो, थांब रे. इतक्या जवळून आलेल्या माणसाला कोण काय विचारणार?"

अगाथेने पुढ्यातला केक बाजूला सरकवला.

"आणि मग बसवत कुठे होतं त्याला!" गाब्रिएलचा जुना राग आता बाहेर आला. "दुसऱ्या दिवसापासून नुसती उठबस. आता तिने कॉफी टाकली असेल. आता दारात येऊन बघत असेल. अरे मग चल की बाबा घरी! तर नाही. उद्या. मला पण घर होतं, वहिनी, मला पण बायको होती. माझं डोकं खाल्लं त्याने तुझ्या नावाने."

"मग तू का थांबायचास?"

"एकट्याला गोष्ट जमत नसे त्याची." गाब्रिएल खाली बघून म्हणाला. "भेगा त्याच्या. अस्वलं माझी."

अगाथेने हात पुढे केले. निविआकने बाळ तिच्या हातात दिलं, ते तिच्या कोटाच्या थंड बाहीला लागून आणखी जोरात किंचाळलं. अगाथेने त्याला समोर धरलं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ, आणि तिचा सगळा राग, हेलिकॉप्टरपासून इथपर्यंत सांभाळून आणलेला, एकदम सुटला.

"गाढवा! मी समोर बसावं म्हणून तीन दिवस बर्फात कुडकुडत होतास? तोंड नव्हतं तुला? बस म्हणायचंस ना मला, मी बसले असते! दुपारी आला असतास तरी बसले असते, एसायास!"

कुणी तरी कप बशीत ठेवला. निविआकने दोन्ही हात तोंडावर धरले. अगाथेला आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं. सात महिने अडलेला शब्द रागाच्या भरात, कानाशी नाही, तोंडासमोर, ओरडून निघाला होता. बाळ थांबलं वगैरे काही नाही; आपल्यावर कुणी खेकसतंय म्हटल्यावर त्याने आणखी वरचा सूर लावला.

"आजोबा," निविआक हळूच म्हणाली आणि हसत हसत रडायला लागली.

"गेलं तोंडातून," अगाथे म्हणाली. "आता काय परत घेता येतंय."

परत घ्यावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. गावातल्या बायका उठल्या, बाळाच्या मुठीला हात लावून एकेक जण म्हणू लागली, आलास का एसायास, बरं झालं आलास. अगाथेने कोट काढला. बाळाला टेबलावर दुलईत नीट ठेवलं, खुर्ची ओढली आणि कोपरं टेकून त्याच्यासमोर बसली.

"गाब्रिएल, तू मधेमधे अस्वलं घालायची नाहीस," ती मागे न बघता म्हणाली. मग बाळाच्या तोंडावरचं ओघळलेलं पाणी तिने अंगठ्याने पुसलं. "हं. आता तू सांग. सावकाश सांग, मला कुठे जायचं नाही."